तुरा बघू नका, पाठ बघा

पहाटे 4:45

हॅचरीचा दिवस मी सोमवारच ठेवते. शनिवार-रविवार मी एकाही कोंबडीला हात लावत नाही, त्यामुळे सोमवारी पहाटे माझ्या अंगाखांद्यावर दुसऱ्या कळपाचं काही चिकटलेलं नसतं. मी पशुवैद्यक. शिरवळच्या महाविद्यालयात शिकले, नवऱ्याच्या नोकरीमुळे पंजाबात आले आणि आता मोहालीच्या आसपास परसातल्या कोंबड्या बघते. या कामाचा एक नियम आहे आणि तो मी मोडत नाही: दिवसाची सुरुवात सगळ्यात लहान पिल्लांपासून करायची आणि शेवट सगळ्यात जुन्या पक्ष्यांपाशी. मोठ्या पक्ष्यांकडून लहानांकडे रोग जातो, तो पुढे कळपच्या कळप झोपवतो. डिसेंबर 2014 मध्ये चंदीगडच्या सुखना तलावावरच्या बदकांत बर्ड फ्लू निघाला, जानेवारी 2021 मध्ये डेराबस्सीकडच्या फार्मांत. तेव्हापासून इथे कोणीही माझ्या बुटांच्या जंतुनाशकावरून कुरकुर करत नाही.

झिरकपूरमार्गे डेराबस्सीकडे निघते. कार्तिक आहे, भाताचे काड जाळल्याचा धूर रस्त्यावर उतरलेला आहे. पुढे बरवाल्यापर्यंतचा हा सगळा पट्टा अंड्यांच्या धंद्यावर उभा आहे.

पहाटे 5:30

अंघोळ, हॅचरीचे कपडे, हॅचरीचेच गमबूट. आत पिल्लं नुकतीच हॅचरमधून काढलेली असतात, अंग वाळून फुललेलं. माझं काम नाभी, पाय आणि लसीकरण तपासण्याचं. मरेक रोगाची लस पिल्लाच्या मानेत पहिल्याच दिवशी टोचतात. पण हातातलं काम उरकलं की मी निवडीच्या टेबलापाशी जाऊन उभी राहते. दर वेळी राहते.

टेबलावर प्रखर दिवा. सेक्सर पिल्लू डाव्या हातात घेतो, अंगठ्याने पोट हलकं दाबून विष्ठा बाहेर काढतो, मग शेपटीखालचं द्वार दोन्ही अंगठ्यांनी उलगडतो. आतल्या घडीवर टाचणीच्या डोक्याएवढा मणी दिसतो किंवा दिसत नाही. गोल, चमकदार, दाबला तरी न विरघळणारा असेल तर नर. सपाट असेल किंवा दाबताच पसरत असेल तर मादी. अडचण अशी की काही माद्यांनाही छोटा मणी असतो आणि काही नरांचा अगदी दबलेला. तिथे पुस्तक संपतं आणि हात सुरू होतो. कसलेला सेक्सर तासाला हजाराच्या आसपास पिल्लं बघतो आणि शंभरात अठ्ठ्याण्णव बरोबर सांगतो. जोर जास्त झाला तर पिल्लाची आतडी दुखावतात, म्हणून घरी हा प्रयोग करू नका असं मी सगळ्यांना बजावते.

ही विद्या जपानची. कियोशी मासुई आणि हाशिमोतो या संशोधकांनी 1920 च्या दशकात ती पिल्लांच्या शरीररचनेवरून बांधली आणि 1927 मध्ये ओटावाच्या जागतिक कुक्कुट परिषदेत जगापुढे मांडली. पुढच्या दशकात जपानी सेक्सर अमेरिका-कॅनडातल्या हॅचऱ्यांत कामाला जाऊ लागले. त्याआधी शेतकऱ्याला सगळीच पिल्लं महिना-दीड महिना पोसावी लागत, तेव्हा कुठे तुरा दिसे.

काही वाणांत एवढी कसरत लागत नाही. बाप लवकर पिसं येणाऱ्या ओळीतला आणि आई उशिरा पिसं येणाऱ्या ओळीतली, असा संकर केला की पिल्लाचा पंख पसरूनच निकाल कळतो: खालच्या रांगेतली पिसं वरच्या रांगेपेक्षा स्पष्ट लांब असतील तर मादी, दोन्ही रांगा सारख्या असतील तर नर. हे पहिल्या दोन-तीन दिवसांतच दिसतं, आणि त्याच ठरावीक संकरात. रंगाचंही तसंच. रोड आयलंड रेड कोंबडा आणि चंदेरी वाणाची कोंबडी यांच्या पिल्लांत माद्या तांबूस निघतात, नर फिके पिवळे. कारण माणसांत मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, कोंबड्यांत आईकडून. नराचे दोन्ही झेड, मादीचा एक झेड आणि एक डब्ल्यू. आई आपला एकमेव झेड फक्त मुलग्याला देते, म्हणून तिच्या झेडवरचा चंदेरी रंग मुलग्यांतच उतरतो. केंब्रिजच्या पनेट यांनी पहिल्या महायुद्धात, धान्याची टंचाई असताना, हीच युक्ती वापरून नर पिल्लं पहिल्या दिवशी वेगळी करायला सुचवलं होतं.

टेबलाच्या दोन्ही बाजूंना खोकी भरत जातात. डावीकडचं खोकं फार्मवर जातं. उजवीकडच्या खोक्याचा प्रश्न जगभर सुटलेला नाही. अंड्यांच्या वाणाचा नर अंडी देत नाही आणि मांसही धड भरत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी तो मारला जातो. जर्मनीने 1 जानेवारी 2022 पासून त्यावर बंदी घातली. तिथे आता अंड्यातच लिंग ओळखण्याची यंत्रं चालतात. आपल्याकडे त्यातली पुष्कळ पिल्लं घाऊक भावात फेरीवाल्यांकडे जातात. ती पुढे कुठे पोचतात ते अकराच्या व्हिजिटला दिसेल.

सकाळी 9:30

घर. पुन्हा अंघोळ, कपडे गरम पाण्यात, चहा. मग फोन.

फोटो रात्रीपासून साठलेले असतात आणि खाली एकच प्रश्न. पंजाबीत, हिंदीत, सातारा-सांगलीहून मराठीत: कोंबडा की कोंबडी? बहुतेक फोटो समोरून, तोंडाचे. मी प्रत्येकाला तेच लिहिते: वय किती आठवडे, वाण कोणता, आणि फोटो बाजूने व वरून काढा, शेपटीच्या मुळाशी पाठ दिसली पाहिजे.

अंड्याच्या आकारावरून पिल्लू ओळखता येतं का, असंही विचारतात. ही समजूत दोन हजार वर्षांहून जुनी आहे. ॲरिस्टॉटलने लांबट टोकदार अंड्यातून मादी निघते असं लिहिलं. रोमन शेतीलेखक कोलुमेला नेमकं उलट सांगून गेला, टोकदार अंड्यातून नर. दोघांचंही खरं नाही. अंड्याचा आकार कोंबडीच्या अंडनलिकेत ठरतो आणि आतल्या जिवाच्या लिंगाशी त्याचा संबंध नसतो. दोऱ्याला अंगठी बांधून अंड्यावर धरणं, पिल्लू मानगुटीला उचलून पाय आखडतं का बघणं, यांचाही उपयोग नाही. निम्मी उत्तरं बरोबर येतात, कारण पिल्लंच निम्मी नर आणि निम्मी माद्या असतात.

सकाळी 11:00

मोहालीच्या फेज सातमधलं घर. मुलाने पेन्सिलींच्या पैशातून रस्त्यावरच्या टोपलीतली रंगीत पिल्लं घेतली: गुलाबी, हिरवी, जांभळी. आता दोन उरली आहेत आणि रंगाखालून पांढरी पिसं फुटू लागली आहेत. खोक्यात बल्ब नाही. मी आधी तो लावायला सांगते, पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ऊब किती येते ते हाताने बघायला शिकवते, पाण्याची वाटी उथळ करते. मानमोडीची लस झालेली नाही. होणारही नव्हती.

मुलगा विचारतो, अंडी कधी देतील? आजी माझ्याकडे बघते, मी मान हलवते. पण मुलाशी मी खोटं बोलत नाही. ही व्हाइट लेगहॉर्नसारख्या अंड्याच्या वाणाची पिल्लं आहेत, हॅचरीत निवड होऊन उजवीकडच्या खोक्यात पडलेली. शंभरातली एखादी चुकून मादी निघेल, बाकी कोंबडेच. या वाणात तुरा लवकर बोलतो. चौथ्या आठवड्यापर्यंत नराचा तुरा उभा राहून गुलाबी होतो. मी मुलाला तुऱ्यावर बोट फिरवायला लावते. खरखरीत, कंगव्यासारखे दाते वर आलेले. तो म्हणतो, मग कोंबडेच ठेवू. आजी म्हणते, फेज सातमध्ये बांग कोण ऐकून घेणार? त्यावर माझ्याकडे औषध नाही. लांडरांकडच्या एका शेतघराचा पत्ता देते, तिथे जागा आहे.

मला या टोपल्यांचा राग येतो. त्या विकणाऱ्या गरीब माणसाचा नाही, रंगाच्या पिंपात पिल्लं बुडवण्याचा. ज्या घरात पिल्लू पोचतं तिथे कोणीच कोंबडी पाळलेली नसते. बहुतेक पिल्लं पहिल्या आठवड्यातच थंडीने जातात, आणि लहान मुलाला पहिला मृत्यू बुटांच्या खोक्यात बघावा लागतो.

दुपारी 1:00

मटौर. मोहाली वसली तेव्हा गावं तशीच राहिली, शहर त्यांच्याभोवती वाढत गेलं. मटौर, कुंभडा, सोहाना: गल्लीत शिरलं की म्हशी, बाज आणि कुक्कड. बीजी बाजेवर बसलेल्या आहेत, पायाशी सहा आठवड्यांची रंगीत पिल्लं. चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात केंद्र सरकारची कुक्कुटविकास संस्था आहे. चॅब्रो हा रंगीत मांसल वाण तिथलाच. परसासाठी अशी रंगीत पिल्लं बहुधा न निवडता, सरसकट मिळतात. म्हणूनच प्रश्न उरतो.

“डॉक्टर जी, किन्ने कुक्कड ने?” म्हणजे यात कोंबडे किती?

सहा आठवड्यांना मी अंदाज देते, निकाल देत नाही. पाच पिल्लांचे तुरे लाल, इतरांचे पिवळट. लाल तुऱ्याचे पाय जाड, बोटं लांब. आणखी एक गोष्ट बघते, जी बीजींनी आधीच हेरलेली होती: माद्यांच्या पाठीवर पिसांची चादर एकसारखी आली आहे, नरांची पाठ आणि खांदे अजून उघडे, ठिगळाठिगळाचे. एका पिल्लाच्या खांद्यावर गडद तांबडा डाग उमटला आहे, बाकीचं अंग फिकं. असे ठळक, वेगळ्या रंगाचे पट्टे बहुधा कोंबड्याचेच. कोंबडे वाटणाऱ्या सगळ्यांच्या पायात मी निळ्या कड्या घालते, शंकेवाल्यांच्या पिवळ्या. महिन्याने येऊन बघू.

तुऱ्यावर मात्र फार विसंबू नका, हे मी बीजींना पुन्हा सांगते. तुरा वाढतो तो पुरुषी संप्रेरकाने. 1849 मध्ये गटिंगन इथे बेर्टोल्ड यांनी कोवळ्या कोंबड्यांची वृषणं काढून हे दाखवलं: तुरे आक्रसले, बांग थांबली, मारामारी संपली, आणि काहींच्या पोटात वृषण परत बसवलं तेव्हा सगळं परतलं. संप्रेरकांच्या शास्त्राची सुरुवात या प्रयोगापासून मानतात. पण तेच संप्रेरक थोड्या प्रमाणात मादीतही असतं. अंड्यावर येणाऱ्या तलंगेचा, म्हणजे कोवळ्या कोंबडीचा, तुरा लालभडक होतो, आजारी कोंबड्याचा फिका पडतो. कडकनाथात तर तुराच काळपट, तिथे लाली बघून काय करणार? आणि असीलचा तुरा इतका आखूड आणि दबका की नवख्याला तो दिसतच नाही.

दुपारी 3:30

खरड. सराफ बाजारालगतची तीन मजली इमारत, खाली भट्टी, वर बिऱ्हाड, गच्चीवर खुराडं. हे घर विट्याकडचं. खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतले गलाई सोनं-चांदी गाळण्यासाठी देशभर पसरले, तसेच पंजाबातही आले. दारात पाऊल ठेवलं की मराठी ऐकू येतं आणि चहाआधी शेंगदाण्याची चटणी पुढे येते.

“ताई, त्यो उंच हाय ना, त्यो कोंबडाच. रविवारी कापायचा म्हंतोय.”

“थांबा दादा, आधी हातात तर द्या.”

गच्चीवर सोळा आठवड्यांची असील संकराची पाखरं. उंच असलेलं ते खरंच ऐटबाज: छाती काढून उभं, पाय जाड, दुसऱ्यावर मान फुगवून जाणारं. शेजारी पहाटेच्या बांगेबद्दल तक्रार करून गेले आहेत आणि दादांच्या मते गुन्हेगार हाच. वहिनी म्हणतात, पण याला आरवताना कोणी बघितलेलं नाही.

मी पाखरू काखेत घेते, डोकं मागे, शेपटी पुढे. पंखांच्या मागे, शेपटीच्या मुळाजवळच्या पाठीवर बोटांनी पिसं उलटी करते आणि खाली पांढरा कागद सरकवते. सोळा आठवड्यांत इथलं उत्तर आलेलंच असतं. कोंबड्याच्या पाठीवरची पिसं अरुंद, लांब, टोकाला भाल्यासारखी निमुळती. त्यांच्या कडा सुटलेल्या आणि चकचकीत असतात, कारण कडेचे तंतू एकमेकांत अडकत नाहीत. मादीचं पीस रुंद, टोक गोल, कडा बंद आणि फिकी. कागदावर जे दिसतं ते गोल आहे. मानेवरचं बघते, तेही गोल. शेपटीत वळणारं लांब पीस नाही.

“दादा, ही तलंग आहे.”

ते मानत नाहीत. मग मी खुराड्याच्या कोपऱ्यातलं गप्प, बारकं पाखरू मागते, ज्याला सगळे कोंबडी म्हणत होते. त्याच्या पाठीवर टोकदार, तेलकट चमकीची पिसं नुकतीच फुटलेली, शेपटीत एक काळं पीस वळायला लागलेलं. दोन्ही पाखरं मी शेजारी शेजारी धरते आणि कागद दोघांखाली ठेवते. दादा वाकून बराच वेळ बघतात. वहिनी आधी ओळखतात.

आणि बांग? गच्चीवर आणखी एक कोंबडा आहे, त्याबद्दल वाद नव्हता, तोच आरवतो. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की कोंबडा उजेड पडण्याआधी आरवतो तो अंगातल्या घड्याळावर. 2015 मध्ये त्यांनी पुढचं दाखवलं: कळपातला वरचढ कोंबडा आधी आरवतो, बाकीचे त्याच्यामागून, हुद्द्याप्रमाणे. खालच्या हुद्द्याचं कोवळं पाखरू गप्प राहिलं म्हणून ते कोंबडी ठरत नाही. आणि मान फुगवून अंगावर जाणं? असीलच्या रक्तात ते माद्यांतही असतं.

पाठीकडे मी एवढी का बघते, ते इथे दादांना समजावून सांगते, कारण त्यांना धातूची पारख आहे आणि कसोटी म्हणजे काय ते कळतं. तुरा पुरुषी संप्रेरक किती आहे ते सांगतो. पाठीची पिसं वेगळीच गोष्ट सांगतात: अंडाशय काम करतंय की नाही. गोल पीस हे स्त्री-संप्रेरकाने घडतं. ते नसेल तर कोंबडीचं पीसही टोकदार येतं. म्हणून खच्ची केलेल्या कोंबड्याचा तुरा सुकतो, पण पिसारा कोंबड्याचाच राहतो. सेब्राइटसारखा एखादा शोभेचा वाण सोडला, जिथे नरालाही मादीची पिसं येतात, तर परसातल्या कोंबड्यांत बारा आठवड्यांनंतर या कसोटीने मी निर्धास्त उत्तर देते.

तलंग रविवारी कापली जाणार नाही. काही आठवड्यांत ती अंड्यावर येईल. त्याआधी तुरा लाल होईल आणि पाठीवर हात ठेवला की ती दबून बसेल. कोंबड्यांचं काय करायचं ते दादांनी ठरवायचं. अंड्यांना कोंबडा लागत नाही. पिल्लं हवी असतील तर आठ-दहा माद्यांमागे एक पुरतो.

संध्याकाळी 6:00

सोहाना. शेवटची व्हिजिट, सगळ्यात जुन्या पक्ष्याची. गुरुद्वारा सिंघ शहीदांच्या मागच्या वस्तीतली चार वर्षांची तांबडी कोंबडी, जिने वर्षानुवर्षं अंडी दिली आणि आता आरवू लागली. घरच्यांना हा अपशकुन वाटतो. शेजारच्यांनी तिला रात्रीतच नाहीशी करायला सांगितलं आहे.

मी तिच्या पायामागचे काटे बघते, बोटाएवढे झालेत. काटे म्हाताऱ्या कोंबडीलाही येतात, त्यात नवल नाही. पाठ बघते: जुनी गोल पिसं आणि मधूनमधून नवी, टोकदार, चकचकीत. पिसं गळून नवी येताना बदल झाला आहे. कोंबडीचं एकच अंडाशय, डावं, काम करतं. ते गाठीने किंवा रोगाने निकामी झालं की स्त्री-संप्रेरक थांबतं, उजवीकडचा निजलेला अवयव कधी कधी वृषणासारखा वाढतो, आणि कोंबडी दिसण्या-वागण्यात कोंबडा होते. क्वचित होतं, पण होतं. 1474 मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात अंडं घातल्याच्या आरोपावरून एका कोंबड्यावर खटला भरून त्याला जाळण्यात आलं. तेही बिचारं असंच आजारी पाखरू असावं.

घरच्या सुनेला मी हे सगळं पोट तपासता तपासता सांगते. पोटात गाठ लागते. वेदना दिसत नाही, खाणं चालू आहे. तिला वेगळ्या जाळीत ठेवा, अंड्यांची अपेक्षा सोडा, राहू द्या. सून सासऱ्यांकडे बघते. सासरे थोडं थांबून म्हणतात, “रहण दे.”

रात्री 8:30

बूट जंतुनाशकात, वहीत नोंदी. मटौरच्या पिवळ्या कड्यांना पुढच्या महिन्याची तारीख. लांडरांच्या शेतघराला फोन, दोन लेगहॉर्न कोंबडे येतील. फोनमध्ये नवे फोटो आहेत, पुन्हा समोरून काढलेले.

वाचकांना दोनच गोष्टी सांगते. रस्त्यावरची रंगवलेली पिल्लं विकत घेऊ नका; ती जवळजवळ सगळी कोंबडेच असतात आणि त्यांना लस नसते. अंडी हवी असतील तर सरकारी केंद्रातून किंवा माहितीच्या हॅचरीतून, लस झालेली पिल्लं आणा. आणि घरच्या पाखरावर सुरी धरण्याआधी ते बारा आठवड्यांचं होऊ द्या. मग त्याच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा कागद धरा आणि पिसाचं टोक बघा.